गिरणगावातील चाळीचा पुनर्विकास करताना

लालबागच्या एका उपकरप्राप्त (सरकारी दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळीत राहणाऱ्या तिसऱ्या पिढीतील रहिवाशाने दोन प्रश्न विचारले आहेत. गिरणगावात एकीकडे काचेचे मनोरे आणि दुसरीकडे टेकू लावलेल्या चाळी अशी अवस्था कशामुळे आली, हा पहिला. त्यांच्या चाळीपुढे विकासकाचा प्रस्ताव आला आहे. घर मोठे मिळेल, पण वस्ती मोडेल, हे टाळता येईल का, हा दुसरा. परळ, लालबाग, नायगाव या पट्ट्यातील जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि पुनर्विकास हेच वास्तुविशारद म्हणून माझे बरीच वर्षे काम राहिले आहे, त्या आधारावर मी उत्तर देत आहे. वस्ती टिकवता येते. मात्र त्यासाठी चटईक्षेत्राची, म्हणजे किती चौरस फूट मिळणार याची, घासाघीस सुरू होण्याआधी दोन गोष्टींवर रहिवाशांचे एकमत व्हावे लागते. नवे घर वीस वर्षांनंतरही चालवण्याचा खर्च कसा भागवायचा, ही एक, आणि घराच्या दाराबाहेरच्या सामाईक जागेचे काय करायचे, ही दुसरी. या दोन गोष्टी मी सर्वांत वर का ठेवतो, ते गिरणगावाचा इतिहास पाहिल्यावर कळते, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झालेली कापडगिरणी ही मुंबईतील पहिली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या व्यापारात शहरात अफाट पैसा आला. पुढे तेजी कोसळली, तरी गिरण्यांची उभारणी थांबली नाही आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. भायखळ्याच्या उत्तरेला जमीन स्वस्त होती, दोन रेल्वेमार्ग जवळून जात होते आणि वाफेच्या यंत्रांसाठी तलाव खोदायला जागा होती. त्यामुळे चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी हा सलग पट्टा गिरण्यांचा झाला. यातील बराच भाग सखल आहे. हिंदमाता परिसरात पावसाचे पाणी तुंबते आणि त्यासाठी महापालिकेला अलीकडे मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या, त्याचे एक मूळ या भूरचनेत आहे. नव्या इमारतीच्या तळघरात पंप आणि वीजयंत्रणा ठेवण्याचा आराखडा कोणी दाखवला, तर ही गोष्ट आठवणीत ठेवावी.

कामगार आले ते मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून. गिरणीत नोकरी मिळे ती जॉबरच्या, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने, आणि जॉबर बहुधा आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसांची भरती करी. त्यामुळे कोण कोणत्या खात्यात काम करतो आणि कोण कोणत्या चाळीत राहतो, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधल्या गेल्या. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची काळी बाजू झाकू नये. साच्यावर, म्हणजे मागावर, काम करताना धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, हे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, घेतले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला. ते स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिले होते, त्यामुळे या वस्तीतील श्रम आणि जात यांचा संबंध त्यांना आतून ठाऊक होता.

घरांच्या बाबतीत १८९६ च्या प्लेगने सरकारला जाग आणली. कोंदट घरे आणि गटारांचा अभाव यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, बी.आय.टी. चाळी त्याच ट्रस्टच्या. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बी.डी.डी.) स्थापन झाले आणि त्याने वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक, असा त्यांचा साचा होता. या चाळी त्या काळी नव्या असलेल्या काँक्रीटमध्ये बांधल्या आणि कामगारांना विचारात न घेता बांधल्या. खोल्या अंधाऱ्या, भाडे कामगाराच्या ऐपतीच्या मानाने जड, त्यामुळे पुढे कित्येक वर्षे त्यांतील बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. घरांची भीषण टंचाई असलेल्या शहरात सरकारी घरे रिकामी राहिली, ही गोष्ट पुनर्विकासाच्या प्रत्येक बैठकीत सांगावी अशी आहे, कारण घर परवडणे आणि घरात राहणे सोयीचे असणे या दोन्ही कसोट्या बांधणाऱ्याने तेव्हाही बाजूला ठेवल्या होत्या.

उरलेला मोठा भाग खाजगी चाळींचा. त्या चाळी ज्या रीतीने वापरल्या गेल्या, त्या रीतीतच गिरणगावाचे खरे नियोजन दडलेले आहे आणि आजचे आराखडे नेमके तेच विसरतात, म्हणून येथे थोडे थांबतो.

एका खोलीत एक कुटुंब ही समजूत गिरणगावाला पुरती लागू पडत नव्हती. अनेक खोल्या ग्रामस्थ मंडळांच्या होत्या. गावाहून आलेला तरुण आपल्या गावाच्या खोलीत उतरे, ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि अंथरूण पसरण्याचा हक्क एवढेच त्याचे घर. एक पाळी कामावर गेली, की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागेत झोपत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करत, ज्या स्वतः एका खोलीत संसार करून वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक रांधत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले ते याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी. म्हणजे खोली हे घर होते, वसतिगृह होते आणि स्त्रियांचे कामाचे ठिकाणही होते. खोलीत न मावणारे सारे जगणे दाराबाहेर येई. व्हरांड्यात मुले अभ्यास करीत, म्हातारी माणसे बसत, पापड वाळत. चौकात लग्ने लागत, भजने आणि नाटकांच्या तालमी होत, संपाच्या सभा भरत. तळमजल्याला वाणी, पिठाची गिरणी, न्हावी, व्यायामशाळा आणि मंडळाची खोली. एकशे साठ चौरस फुटांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहू शकली, ती या बाहेरच्या जागेमुळे. सामाईक संडासापुढच्या रांगा, वरून गळणारी छपरे आणि चार भिंतींत एकांत म्हणून काही नसणे यांची किंमत विशेषतः स्त्रियांनी मोजली, आणि म्हणून चाळी जशाच्या तशा जपाव्यात असे मी कोणालाही सांगत नाही.

याच चौकांतून कामगार चळवळ उभी राहिली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन बलाढ्य झाली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे कलापथक या वस्तीत फिरले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव सर्वांत पुढे होते. चाळीच्या चौकाचे क्षेत्रफळ कोणत्याही तक्त्यात ‘सभागृह’ म्हणून लिहिलेले नसते, पण सभागृहाचे काम त्यानेच केले.

आता चाळी मोडकळीस का आल्या ते पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. भाडेकरूला या कायद्याने संरक्षण दिले आणि ते संरक्षण नसते तर गिरणगावातील कामगार केव्हाच शहराबाहेर फेकला गेला असता. पण भाडे तेच आणि दुरुस्तीचा खर्च वाढता, अशा अवस्थेत मालकाने चाळीकडे लक्ष देणे सोडले. इमारती कोसळू लागल्यावर सरकारने १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती करण्याची जबाबदारी घेतली. तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात गणल्या गेल्या. गिरणगावातील बहुतेक चाळी ‘अ’ वर्गात येतात. उपकरातून होणारी दुरुस्ती टेकू, लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी तुळया आणि संडासांचा नवा भाग एवढ्यापुरती राहिली, कारण निधीच तेवढा होता. नंतर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच इतकी लहान होती, की तिने काही फरक पडला नाही.

याच काळात गिरण्यांचे काय झाले, हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर, राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा बदला, ही मागणीही त्यात होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले, आणि गिरण्यांच्या मालकीची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यावर उरली.

या जमिनीचे पुढे जे झाले, ते गिरणगावाच्या इतिहासातील सर्वांत मोठे नुकसान आहे, असे माझे ठाम मत आहे. विकास नियंत्रण नियमावलीतील १९९१ च्या नियम ५८ ने गिरण्यांना जमीन विकण्याची परवानगी दिली, परंतु एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे, अशी वाटणी घालून दिली होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला आणि सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करून परळ स्थानकाजवळ सार्वजनिक चौक, रस्ते आणि मैदाने आखण्याची शिफारस केली. ती शिफारस कागदावर राहिली. २००१ मध्ये नियम ५८ बदलला गेला आणि तिघांतील वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीला लागू न राहता, बांधकामाखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा शेडखाली असते, त्यामुळे शहराच्या वाट्याला तुकडे आले. या बदलाविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याचा परिणाम केवळ मैदाने कमी मिळण्यापुरता राहिला नाही. प्रत्येक गिरणीचे आवार सुटे विकसित झाले, रस्ते पूर्वीचेच राहिले, आणि गिरणी कामगारांच्या पायी वर्दळीसाठी बांधलेल्या स्थानकांवर कार्यालयांतील लाखो माणसांचा भार पडला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. पहिल्या घटनेत वाढत्या गर्दीला तोकडा पूल होता, दुसऱ्या घटनेत आवाराच्या बदललेल्या वापराला न पेलणारी सुरक्षाव्यवस्था. दोन्हींच्या मुळाशी वापर बदलला आणि त्याभोवतीचे नियोजन झाले नाही, हे एकच कारण आहे. एका चाळीच्या पुनर्विकासातही तसेच घडू शकते, फक्त प्रमाण लहान असते.

कामगारांच्या वाट्याला घरे आली ती फार थोडी. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, किंमत साडेसात लाख रुपये. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची, किंमत साडेनऊ लाख. अर्ज होते सुमारे दीड लाख. घर २२५ चौरस फुटांचे. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा कामगार आणि त्यांचे वारस मुंबईतच घर मागत राहिले, आणि माझ्या मते ती मागणी पूर्णपणे रास्त आहे, कारण ज्या जमिनीची किंमत त्यांच्या श्रमाने वाढली ती मुंबईत आहे.

बी.डी.डी. चाळींची वाट वेगळी निघाली. तेथे म्हाडा नियोजन करते आहे, एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले आणि पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मालकीने, विनामूल्य, त्याच जागेवर मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. शिवडीच्या १२ चाळींची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने त्या या योजनेबाहेर अडकून आहेत. लोक विस्थापित झाले नाहीत, हे या प्रकल्पाचे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याची खरी परीक्षा मात्र ताबा मिळाल्यानंतर सुरू होते. भाड्यापोटी महिन्याला किरकोळ रक्कम भरणारे कुटुंब चाळीस मजली इमारतीच्या उद्वाहकांचा, पंपांचा, अग्निशमन यंत्रणेचा आणि सामाईक विजेचा खर्च कायमचा कसा उचलणार, याचे उत्तर इमारतीच्या आराखड्यातच असावे लागते.

येथून आपल्या चाळीकडे येतो. तिला लागू होणारा नियम बहुधा विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) असेल. त्यात चटईक्षेत्र निर्देशांक ३ (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम), किंवा पुनर्वसनाचे क्षेत्र अधिक विकासकाला विक्रीसाठी मिळणारे प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते मिळते, आणि निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर द्यावे लागते. भाडेकरूंची संख्या १३ जून १९९६ च्या स्थितीनुसार धरली जाते. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, ती आता ५१ टक्के लागते. इमारत धोकादायक ठरली असेल, तर म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ प्रमाणे आधी मालकाला सहा महिने, नंतर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने प्रस्ताव देण्याची संधी आहे, आणि त्यानंतर म्हाडा स्वतः काम हाती घेऊ शकते. शेजारच्या चाळी मिळून ३३(९) खाली समूह पुनर्विकास करता आला, तर त्याचा विचार आवर्जून करावा, कारण लहान भूखंडावर उंच इमारत बांधताना दोन इमारतींमधील अंतर कमी होते आणि खालच्या मजल्यांवर, म्हणजे बहुधा पुनर्वसनाच्या घरांत, उजेड पोहोचत नाही. तीनशे चौरस फुटांच्या जागी साडेचारशे मिळतात म्हणून रहिवासी खूश होतात आणि त्या वाढीव जागेत दिवसा दिवा लावावा लागेल, हे नकाशावर कोणी वाचत नाही. प्रत्येक खोलीची खिडकी कशाकडे उघडते आणि समोरची भिंत किती फुटांवर आहे, हे नकाशावर लिहून मागावे.

स्वयंपुनर्विकास, म्हणजे विकासकाशिवाय रहिवाशांनीच पुनर्विकास, करावा का, असेही अनेकजण विचारतात. जमीन गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची असेल तेथे हा उत्तम मार्ग आहे. उपकरप्राप्त चाळीत जमीन मालकाची असते, म्हणून आधी मालकी हक्काचा प्रश्न सोडवावा लागतो आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. इमारत तोवर उभी राहील का, हे संरचना अभियंत्याच्या अहवालावरून ठरवावे, भावनेवरून नव्हे.

आता खर्चाची गोष्ट. विकासक देखभालीसाठी प्रत्येक कुटुंबामागे ठरावीक ठेव देऊ करतो, ज्याला सगळे कॉर्पस म्हणतात, आणि ती रक्कम ऐकायला मोठी वाटते. हिशेब असा करावा. समजा देखभाल महिन्याला ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० येणार आहे. ठेवीवर मिळणारे व्याज आणि देखभाल खर्चात दरवर्षी होणारी वाढ साधारण सारख्याच दराची धरली, तर ३ लाखांची ठेव पाच वर्षांत संपते आणि १० लाखांची सोळा-सतरा वर्षांत. म्हणजे ठेवीवर विसंबून वीस वर्षे निघत नाहीत. खर्चच कमी करावा लागतो. इमारत जितकी उंच तितका उद्वाहक आणि अग्निशमनाचा खर्च जास्त, म्हणून पुनर्वसनाची इमारत शक्य तेवढी कमी मजल्यांची आणि स्वतंत्र असावी, असा आग्रह मी नेहमी धरतो. यांत्रिक वाहनतळ, वातानुकूलित प्रवेशदालन, सजावटीचे कारंजे असल्या गोष्टी पुनर्वसनाच्या भागात नकोत. त्या फुकट मिळतात आणि नंतर दरमहा पैसे खातात. तळमजल्यावरील एक-दोन गाळे संस्थेच्या मालकीचे करून घेता आले, तर त्यांचे भाडे हा ठेवीपेक्षा भरवशाचा आधार ठरतो, कारण महागाईबरोबर तेही वाढते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे; थोडे जास्त क्षेत्र पदरात पाडून घेताना ही सवलत जाते का, तेही तपासावे. विक्रीची इमारत आणि पुनर्वसनाची इमारत यांची संस्था एक असेल की दोन, आणि सामाईक सोयींचा खर्च कोणत्या सूत्राने वाटला जाईल, हे करारात लिहिलेले नसेल, तर सही करू नये.

विकासकाने भाडे थकवणे किंवा प्रकल्प अर्धवट सोडणे, हे गिरणगावात इतके घडले आहे, की त्याची भीती धरणे शहाणपणाचे आहे. संक्रमण काळातील भाड्यासाठी बँक हमी, कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार घर रिकामे करण्याआधी, आणि पुनर्वसनाची इमारत विक्रीच्या इमारतीआधी किंवा किमान तिच्याबरोबरीने पूर्ण करण्याची अट, एवढे तरी हवेच. संक्रमण शिबिरात गेलेली काही कुटुंबे पिढी उलटली तरी तेथेच आहेत आणि बृहत्सूचीतील, म्हणजे कायमच्या घराच्या प्रतीक्षायादीतील, आपल्या क्रमांकाची वाट पाहत आहेत. जुनी इमारत पाडली, की रहिवाशांच्या हातातील जोर निम्म्याहून कमी होतो.

शेवटी सामाईक जागा. विकासकाच्या तक्त्यात घरे आणि गाळे येतात, व्हरांडा आणि चौक येत नाहीत, त्यामुळे ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. तरीही ते मिळवता येतात. मजल्यावरील मार्गिका आंधळी न ठेवता एका बाजूने उघडी ठेवली, तिची रुंदी थोडी वाढवली आणि स्वयंपाकघराची खिडकी तिच्याकडे उघडली, तर शेजार टिकतो आणि मार्गिकेत दिवसा दिवेही लागत नाहीत. गाड्यांसाठी उंचावलेल्या मजल्याचे छत कोणाच्या वापराचे, हे ठरवून घ्यावे. मंडळाचा गणपती, लग्ने, मुलांचे खेळ यांना रस्त्याच्या पातळीवर मोकळी जागा लागते, सातव्या मजल्यावरची नव्हे. खानावळ, शिवणकाम, पापड-मसाले अशी घरातून कामे करणाऱ्या स्त्रिया आपल्या चाळीत असतील, तर त्यांना साठवणीची आणि मालाच्या चढउताराची सोय नव्या इमारतीत कोठे आहे, हे त्यांनाच बैठकीत विचारू द्यावे. बैठकीला पुरुष येतात आणि घर चालवणाऱ्या बायका बाहेर राहतात, हे मी फार पाहिले आहे, आणि त्याचे परिणाम नकाशात स्पष्ट दिसतात.

ग्रामस्थ मंडळांच्या खोल्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. भाडेपावती कधीकाळच्या एका गावकऱ्याच्या नावावर आणि वापर साऱ्या गावाचा, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. पात्रतेच्या यादीत त्या एकाच्या वारसाचे नाव लागले, की खोली गावाची राहत नाही आणि पुढे भाऊबंदकी उभी राहते. मंडळाची नोंदणी, जुने ठराव, वर्गणीच्या वह्या, वीजबिले ही कागदपत्रे यादी प्रमाणित होण्याआधी गोळा करावीत आणि वारसाशी लेखी समजुतीचा करार करावा. व्यायामशाळा, वाचनालय आणि मंडळाची खोली यांची नोंदही त्याच वेळी अनिवासी जागा म्हणून व्हायला हवी. यादीत जे नाही ते नव्या इमारतीत नसते.

यासाठी प्रस्तावावर चर्चा करण्याआधी चाळीचा वापराचा नकाशा तयार करावा, असे मी सुचवीन. मोजणीच्या नकाशावर फक्त भिंती असतात. या नकाशावर कोठे कोण बसते, काय वाळते, कोणाचे दुकान कोणत्या वेळी कोठवर पसरते, उत्सवाचा मंडप कोठे पडतो, आजारी माणसाला खाली कसे नेतात, हे लिहावे. चाळीतील कॉलेजात जाणारी मुले आणि दोन-चार जाणती माणसे हे काम एकत्र बसून नीट करू शकतात. वास्तुविशारदाची गरज नंतर लागते. तो नकाशा भाडेकरूंच्या यादीबरोबर दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे द्यावा, विकासकाशी होणाऱ्या कराराला परिशिष्ट म्हणून जोडावा, आणि नव्या आराखड्याची प्रत्येक आवृत्ती आली, की संमतीची सही करण्याआधी ती या नकाशाशेजारी ठेवून तपासावी.